शेवटच्या भोकातली स्प्रिंग

मखमलाबादच्या भारत काकडच्या डाव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही. १९९६ साली सातपूरच्या एका प्रेस शॉपमध्ये ती गेली, खंडेनवमीच्या दिवशी. सकाळी मशीन धुऊन, हळदकुंकू वाहून, हार घालून पूजा झाली होती. पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, दसऱ्याला शिलंगण झाल्यावरच हाती घ्यायचं, ही रीत मळ्यात पाळतात तशी कारखान्यातही. मालकाला एका मालाची घाई होती. त्याने दुपारी प्रेस चालू करायला लावला. हात आत जाऊ न देणारी जाळी महिनाभर आधीच काढून ठेवलेली होती.

जाळी नव्हती म्हणून बोटं गेली, हे भारतला पक्कं माहीत होतं. डॉक्टरला त्याने तेच सांगितलं. पण शिफ्टमधले सगळे म्हणाले, पुजलेल्या मशीनला डिवचलं, तिनं घेतलं. पुढे खंडेनवमीला भारत खुरप्यालाही हात लावीनासा झाला.

प्रेस शॉपने त्याला परत घेतलं नाही, दुसऱ्यांनीही हात पाहून नको म्हटलं. झेंडूच्या मळ्यात दोन भाऊ होते; तिसऱ्याला पुरेल इतकं काम त्यात नव्हतं. चार वर्षं मिळेल ते केल्यावर गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर निघालेल्या एका खासगी क्लबात तो लागला. लहानपणापासून पोहणारा, म्हणून बोटींवर घेतलं. तिथे गोव्याहून आणलेली एक जुनी जेट स्की होती, उभ्याने चालवायची. गिऱ्हाइकांना ती चालवून दाखवायचं काम भारतकडे आलं, आणि ते त्याला आवडलं.

या गाडीला सीट नसते. पुढच्या टोकाला बिजागरीवर बसवलेला लांब दांडा असतो, त्याच्या टोकाला हँडल. पाण्यात पालथं पडून हँडल धरायचं, गाडी पळू लागली की छाती वर ओढायची, गुडघे टेकायचे, मग दांडा उचलत उभं राहायचं. दांड्याचं वजन पेलायला बुडाशी जाड स्प्रिंग असते. तिचं टोक एका पट्टीच्या भोकात अडकवलेलं असतं. भोक बदललं की ताण बदलतो. ताण कमी पडला तर दांडा हाताला जड लागतो. जास्त झाला तर दांडा खाली यायलाच तयार होत नाही.

२००३च्या पावसाळ्यानंतर दांडा जड लागू लागला. स्प्रिंग थकली होती. रोहितला, दुसऱ्या चालवणाऱ्याला, फरक पडला नाही. त्याची दहाही बोटं शाबूत होती. भारतला पडला. मुठीचा जोर बराचसा करंगळीच्या बाजूला असतो. मेकॅनिक चंदर, प्रेस शॉपपासूनचा सोबती, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्याला दांडा उचलून द्यायचा, आणि तेवढ्यावर भागत होतं.

नवरात्रात नवा मॅनेजर आला. त्याने सांगितलं, दसऱ्याला सकाळी प्रत्येकाने खोल पाण्यात, कोणाची मदत न घेता गाडीवर उभं राहून दाखवायचं. ज्याला जमणार नाही तो दिवाळीपर्यंत फाटकावर पहाऱ्याला; पुढचं पुढे बघू. पुढे काय, ते सगळ्यांना कळलं.

भारतने आधीच स्प्रिंग कसली असती, पण गाडी अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांत होती. नवमीला सकाळी क्लब बंद ठेवून पूजा झाली. पाने, पकडी, पेचकस धुऊन फळीवर मांडले. झेंडू भारतच्याच मळ्यातला.

दुपारी तो चंदरजवळ येऊन बसला.

"चंदरभाऊ, एक भोक पुढं घ्यायचं फक्त."

"उद्या घेऊ."

"उद्या सकाळीच तर हाय."

"मग मॅनेजरला सांग, आमच्यात आज हत्यार धरीत नाय."

"त्याला काय सांगू? आधी हात दाखवू का रीत सांगू?"

चंदर हसला, मग मान हलवली. "मी नाय उचलणार, भारत. तुझी बोटं मी गोळा केलीत त्या दिवशी, प्रेसखालून."

छाया, भारतची बायको, घरून डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "पाना मी देते काढून. माझ्या हाताला काय, मी कुठं मशीनवर होते."

"तू नको," भारत म्हणाला.

"मग फाटकावर उभा राहा. गणवेश तरी मिळंल."

ती गेल्यावर भारतने हारातून पाना काढला. झेंडूची फुलं फळीवरून खाली सांडली. दांडा वर उचलून त्याने लाकडाचा टेकू दिला, म्हणजे स्प्रिंग सैल पडते. एवढं त्याने नीट केलं. पुढची रीत अशी की टोक एक भोक सरकवायचं, बोल्ट आवळायचा, गाडी पाण्यात घालून पाहायची, कमी वाटलं तर आणखी एक. म्हणजे पाना पुन्हा उचलणं आलं. भारतला तो एकदाच उचलायचा होता. त्याने टोक शेवटच्या भोकात नेलं, बोल्ट आवळला, पाना पुसून जागेवर ठेवला, हार सारखा केला. टेकू काढला तर दांडा आपोआप उभा राहिला. जमिनीवर ते फार चांगलं दिसलं.

दसऱ्याला सकाळी रोहितचा नंबर आधी होता. तो चढला, पण उतरल्यावर म्हणाला, "कोणी आवळलंय एवढं? घोडा उधळल्यागत करतंय."

मग भारत पोहत गाडीपाशी गेला. दांडा वरच होता. उजव्या हाताने त्याने तो खाली ओढला, डाव्याने धरला आणि उजवा अंगठा थ्रॉटलवर नेला. तेवढ्यात दांडा डाव्या हातातून निसटून वर गेला. कालपर्यंत त्याला दांडा उचलता येत नव्हता. आता दाबून धरता येत नव्हता. त्याने पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तिसऱ्या वेळी हँडल हनुवटीवर बसलं आणि पाणी लाल झालं.

"साहेब, एकदा पाना लावू द्या," तो काठावर येऊन म्हणाला. "दोन भोकं मागं घेतलं की येतं."

"हे काल का नाही केलंस?" मॅनेजरने विचारलं.

भारतने चंदरकडे पाहिलं. चंदर जमिनीकडे पाहत होता.

"राहिलं," भारत म्हणाला.

"पाहुणे यायला लागलेत. कपडे बदल आणि फाटकावर जा."

मॅनेजर गेला. भारतने कोणाला न विचारता फळीवरचा पाना उचलला. शिलंगण अजून व्हायचं होतं. स्प्रिंग एक भोक मागे घेतली, गाडी पाण्यात ढकलून पाहिली, पुन्हा काठावर घेतली, आणखी एक भोक मागे. मग खोल पाण्यात गेला आणि पहिल्याच झटक्यात उभा राहिला. दांडा तीन बोटांत हलका राहिला. फुगवट्यावर मोठं वळण घेऊन तो परत आला.

"सांगू का साहेबाला?" चंदरने विचारलं.

"सांग."

चंदर सांगून आला. मॅनेजर म्हणाला होता, छान. तोच ताण राहू दे, दुपारच्या पाहुण्यांना रोहित चालवून दाखवेल, गाडी तयार ठेव.

भारतने हनुवटीला रुमाल बांधला, गाडीत पेट्रोल भरलं, रोहितला दांडा एकदा वरखाली करून दाखवला आणि फाटकाकडे गेला.