शटर नीट करणारा गुंड

माझा भाचा गुंड झाला, तो अगदी रीतसर परीक्षा पास होऊन. दोन वर्षं तो शटर बसवायचं काम शिकला, त्याने शिक्क्याचा कागद मिळवला आणि मग वर्षभर दाढी घोटून कारखान्यांच्या फाटकांवर उभा राहिला. सगळीकडे एकच प्रश्न, "अनुभव आहे का?" काम दिल्याशिवाय तो कुठून यायचा, हे विचारायची सोय नव्हती. साहेब लोक कामात असत.

गल्लीच्या तोंडाशी बसणारी टोळी मात्र मोठी माणुसकीची. तिचा म्होरक्या, ज्याला सगळे दादा म्हणत, त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "जेवलास का रे?" पोरगं विरघळलं.

महिन्याभराने पहिली कामगिरी आली. रंगाच्या दुकानाचा शेठ दादाला जुमानत नव्हता. दादा म्हणाला, "त्याचं शटर असं वाकव, की उद्या दुकान उघडता कामा नये. जमलं तर तू आमचा."

दुकानाच्या सुट्टीच्या दुपारी भाचा पहार घेऊन गेला. शटर पाहिलं आणि त्याचा जीव कळवळला. बाजूची खाच चेपलेली, पत्रा गंजलेला, तेलाचा थेंब नाही. आधी नीट करू, मग मोडू, असं ठरवून तो घरून हत्यारं नि तेल घेऊन आला आणि कामाला बसला. ऊन भिंतीवरून हळूहळू उतरत गेलं, आणि काम असं देखणं झालं की त्यावर पहार घालायला हातच उचलेना.

सकाळी शेठने एका हाताने शटर वर सारलं. समोर दादाची मंडळी तोंड वासून उभी. भाचा मात्र रस्ता ओलांडून गेला.

"शेठ, हे मी केलं. बाकीच्या दुकानांचंही करून देतो. ठेवा ना कामावर."

शेठने दोनदा शटर खालीवर करून पाहिलं. "हात चांगला आहे रे तुझा. पण बसतोस त्या टोळक्यात! चांगल्या संगतीत असतास तर बघितलं असतं." फुकट दुरुस्ती पचवून ते सद्गृहस्थ आत गेले.

दादाने भाच्याच्या दोन थोबाडीत दिल्या. मग हसत हसत त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"गाढवा, मोडायला पाठवलं होतं तुला! चल, चहा घे. आजपासून तुझं नाव मिस्त्री."

भाच्याचे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या शहरातल्या एकाही सभ्य माणसाने त्याला तशी हाक मारली नव्हती.