समीक्षाचं इंग्रजी

गोव्यातल्या मांद्र्यात आमच्या वाड्यावर इंग्रजी म्हटलं की समीक्षा. तिचे वडील कृष्णनाथ यांचं गेस्टहाऊस माझ्या घराला लागूनच. नळाला पाणी नसलं तरी ही पोर गोऱ्या पाहुण्यांना हसवत ठेवायची आणि आम्ही शेजारी तोंडात बोटं घालायचो. त्या कौतुकाचाच आज मला संताप येतो.

तिला इंग्लंडात शिकायचं होतं. तिचा मावसभाऊ गौरेश, त्याचं म्हापशाला परदेशी प्रवेशाचं ऑफिस. "आधी इंग्रजीची परीक्षा देतंय," ती म्हणाली, तर हा हसला. "तुका परीक्षा कित्याक? कॉलेज इंग्रजीतून झाला, तेवढो दाखलो पुरे." आणि खरंच, दाखल्यावर प्रवेश मिळाला. देवळात कौल लावला, तर प्रसादही उजवा झाला, म्हणजे देवाचाही होकार. मग काय, सगळा वाडा तिला सोडायला मोपाच्या विमानतळावर.

इंग्लंडात बोलण्यात ती कुठंच अडली नाही. अडली ती लिहिण्यात. पुस्तकं वाचून स्वतःचं मत मांडा, म्हणायचे. इथं गाईड पाठ करून पास झालेली पोर, तिला हे कुणी शिकवलं होतं? नापास झाली, पुन्हा बसली, पुन्हा नापास. शेवटी नाव कमी झालं. निरोप घेताना तिथल्या शिकवणाऱ्या बाई हळहळल्या. "आम्ही तुझ्या म्हापशाच्या ऑफिसमार्फत तुला आधी वर्षभराचा भाषेचा तयारीवर्ग सुचवला होता. तो करणारी मुलं सहसा टिकतात. तू नको का म्हणालीस?"

समीक्षानं त्या वर्गाचं नावही ऐकलं नव्हतं.

ती परतली त्या दुपारी गौरेश भेटायला आला. अंगणात आम्ही सगळे होतो. तिनं त्या तयारीवर्गाचं सरळ विचारलं. तो चपलेकडे बघत म्हणाला, "मी काकांक इचारलेलंय."

कृष्णनाथ लगेच उसळले. "हां, मीच नको म्हटलंय! आमच्या चेडवाक इंग्रजी शिकवतले? आणि फुकट एक वर्ष कित्याक घालवचा?"

"माका इचारलंस, बाबा?"

"तुका काय इचारूचा? अभिमान होतो माका तुजो."

माझ्या तोंडात शिवी आली होती, ती गिळली. समीक्षा रडली नाही. बापाकडे बघत हळू म्हणाली, "त्या बाईक मी तोंडार खोटारडी म्हटलंय. माझ्या घरची माणसा माका इचारल्याशिवाय असा करूची नाय, म्हणान सांगलंय."