माझ्या पाळीचं बाथरूम

आता माझी पन्नाशी जवळ आली आहे. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की मी दुसरंच काहीतरी बोलून उठतो. म्हणून लिहितो आहे.

पिंपरीच्या माळावर तेव्हा एक नवा कारखाना उभा राहत होता. त्याच्या पाहुण्यांसाठीचा बंगला मात्र आधीच तयार झाला होता. दिल्लीचे अधिकारी, परदेशी इंजिनिअर तिथे उतरणार होते. त्यांच्या खोल्या राखायला सहा जण घेतले. तीन महिने शिकवायचं, मग मुंबईचे साहेब येऊन परीक्षा घेणार आणि पास होतील त्यांना कायम करणार, असं ठरलं होतं. मी त्या सहांतला एक. वय एकवीस, मॅट्रिकला दोनदा नापास.

आम्हाला शिकवायला देहूरोडच्या मिलिटरी मेसमधून निवृत्त झालेले हेड बेअरर आणले होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा कोट, आणि चालताना बुटाचा आवाज नाही. तेच भयंकर होतं. आपण उशीचा अभ्रा चढवतो आहोत आणि अचानक मानेमागून आवाज यायचा, "ही उशी हाय की बटाट्याचं पोतं?" ते कधी ओरडल्याचं मला आठवत नाही. ते चादर ओढून पुन्हा जमिनीवर टाकत आणि म्हणत, "फिरसे."

पलंग दोघांनी लावायचा असतो. एकानं या बाजूला उभं राहायचं, दुसऱ्यानं त्या, आणि चादर एकाच वेळी ओढायची, म्हणजे मधोमध घडी सरळ बसते. त्यामुळे आमच्या जोड्या लावल्या होत्या. माझा जोडीदार देहूरोडच्या वस्तीतला होता, ज्यांना आमच्या गावात पाणवठ्यावर येऊ देत नसत त्यांच्यातला. त्याचा बाप मेसमध्ये झाडूवाला होता, त्यामुळे त्याला निम्मं काम आधीच येत होतं. माझ्याच वयाचा, हसरा, जिभेचा तिखट. मला नेहमी 'पाटील' म्हणायचा. "ओढा पाटील, ओढा. चादर हाय, जमीन न्हाई सातबारावर चढवायला."

पलंग दोघांचा, पण बाथरूम एकट्याचं. एक दिवस त्याची पाळी, एक दिवस माझी. कमोड स्वतःच्या हातानं घासायचा, त्याला मेहतर बोलवायचा नाही, हा उस्तादांचा पहिला नियम. "ज्याची खोली, त्याचा संडास. ज्याला लाज वाटते त्यानं बाहेर जाऊन बिडी ओढावी, गेट उघडं हाय."

मला लाजेपेक्षा भीती जास्त होती. घरी मी सांगितलं होतं की बंगल्यावर कारकून आहे. आमचं गाव दिघीच्या बाजूला. बहिणीची सोयरीक जमत आली होती. भाऊ साहेबांचे संडास धुतो हे त्या लोकांना कळलं असतं, तर ते सुपारी फोडायलाही आले नसते. आणि कळायला वेळ लागणार नव्हता. बंगल्याला दूध घालणारा गडी आमच्याच गावचा होता. रोज सकाळी मागच्या दाराशी सायकल लावून उभा राहायचा आणि मोठ्यानं हाक मारायचा, "आमच्या गावचं कारकून हाईत न्हवं हितं? का न्हाई दिसत कधी?" मी आत भिंतीला चिकटून उभा राहत असे.

दुसऱ्या आठवड्यात मी जोडीदाराला घोळात घेतलं. माझ्या पाळीला कमोड तू घास, तुझ्या वाटणीचं नळ-मुठींचं पितळ मी घासतो. तो माझ्याकडे बघून हसला.

"पाटलाच्या हाताला विटाळ व्हतो व्हय?"

"तसं नाही रे. बहिणीचं लग्न आहे."

"तुझ्या बहिणीच्या लग्नात आमची पंगत कुठं बसवनार, ते सांग आधी."

मी फडकं घेऊन नळ पुसायला लागलो. त्यानं माझी फजिती पाहिली, आणि ब्रश घेऊन आत गेला. तेव्हापासून अडीच महिने माझ्या पाळीची सगळी बाथरूमं त्यानं घासली. उस्तादांना कळू नये म्हणून तो आतून कडी लावून घ्यायचा, आणि मी खोलीत वावरताना आवाज करायचो.

उस्तादांचा आणखी एक नियम होता. कमोड घासायला तेजाब, म्हणजे ॲसिड असायचं, फरशीला फिनेल, बाहेरच्या मोरीला ब्लिचिंग पावडर. एका भांड्यात एकच औषध. आणि जे टाकलं ते टाकणाऱ्यानं तिथल्या तिथे मोठ्यानं बोलायचं, ऐकायला कोणी असो वा नसो. रिकाम्या बाथरूममध्ये उभं राहून "तेजाब टाकलं!" म्हणून ओरडताना आम्हा सगळ्यांना हसू यायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी माझी पाळी होती. जोडीदार खालून धुतलेल्या चादरी आणायला गेला होता. मी बाथरूमच्या दारात उभा होतो. त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, वाटलं, रोज तोच करतो, निदान थोडं काम हलकं करावं. आमच्या गावात पटकीची साथ आली की सरकारी माणूस विहिरीत पावडर टाकून जायचा. त्या पावडरीनं सगळं शुद्ध होतं, एवढंच माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. मोरीच्या डब्यातली पावडर ओंजळभर घेतली आणि लांबूनच, कमोडाला हात न लावता, आत सोडली. चांगली दोन-तीन ओंजळी.

आता ओरडून सांगायचं होतं. तोंड उघडलं, आणि नेमकी खिडकीखालून हाक आली, "कारकूनऽ! अवं कारकून!"

दूधवाला खिडकीच्या खालीच उभा होता. मी ओरडलो असतो तर मी कुठे उभा आहे हे त्याला कळलं असतं. मी तोंड मिटलं. हळूच खिडकी लावून घेतली, वरची खिटीसुद्धा. आणि खोलीत येऊन पलंगापाशी उभा राहिलो.

जोडीदार चादरी घेऊन आला. "सरक की पाटील, वाटेत काय हुबा ऱ्हायलायस नवरदेवागत." त्यानं चादरी माझ्या हातात दिल्या, तेजाबाची बाटली उचलली, आत जाऊन कडी लावली. त्याला सांगायला मला किती वेळ मिळाला असेल? सहज चार वाक्यं बोलून झाली असती. पण दूधवाला अजून खालीच होता, कोणाशी तरी बोलत होता, आणि माझं सगळं लक्ष तिकडे लागलेलं.

आधी खोकला ऐकू आला. मग बाटली फुटल्याचा आवाज. पावडरीवर तेजाब पडून दाराच्या फटीतून एक वास आला, नाकात सुई घुसावी तसा. आतून तो दारावर हात मारत होता, पण कडी सापडत नव्हती. मी चादरी धरून तसाच उभा. मला हाक मारता आली नाही. दारावरचे हात हळू होत गेले ते मी ऐकत होतो.

बूट न वाजवता उस्ताद कधी आले कळलं नाही. मला बाजूला ढकलून त्यांनी खांद्यानं दार तोडलं. कोट तोंडाशी धरून आत शिरले आणि त्याला काखेत धरून व्हरांड्यात ओढून आणलं. त्याचे डोळे लाल, मिटत नव्हते आणि उघडतही नव्हते. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता.

"पावडर कोणी टाकली?" उस्तादांनी विचारलं.

त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं मान माझ्या दिशेला वळवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मी त्याला दिसत होतो की नाही माहीत नाही.

मी म्हणालो, "आत तोच होता."

हे शब्द खोटे नव्हते. त्यानंतर मी पुष्कळ वेळा स्वतःला हे सांगून पाहिलं आहे.

त्याला कँपातल्या इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी परीक्षा घेतली. माझ्यासमोर पलंगापलीकडे दुसराच कोणी उभा होता. मी पास झालो. आठवड्यानंतर, औषधं मिसळल्याचा ठपका ठेवून, जोडीदाराचं नाव यादीतून कापलं गेलं. तो जगला. पण पुन्हा कामावर आला नाही. बहिणीचं लग्न वैशाखात झालं.

त्या वर्षी मला फुटलेल्या काचेचा आवाजही सहन होत नसे. कोणी खोकलं की मी खोलीबाहेर जायचो. एकदा देहूरोडच्या बाजारात तो दिसला, एका भिंतीशी टेकून दम खात उभा होता. मी गल्ली बदलली.

दोन वर्षांनी उस्ताद आजारी असल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेलो. खाटेवर पडले होते. कोटाशिवाय मी त्यांना प्रथमच पाहिलं. मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पावडर, खिडकी, दूधवाला, अडीच महिन्यांची अदलाबदल.

त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोप लागली.

मग म्हणाले, "मालूम होतं. पावडर तुझ्या हाताला होती, बेटा. त्याच्या हाताला नव्हती."

"मग मला का नाही काढलं?"

"दोघांना काढलं असतं तर दुसऱ्या दिवशी साहेबासमोर खोल्या कोणी लावल्या असत्या? माझ्याही घरी खाणारी पोटं होती." ते माझ्याकडे वळले. "पर उसका नाम मी लगेच नव्हतं कापलं. आठ दिवस थांबलो. तू येऊन सांगशील म्हणून."

ते आठ दिवस मला आठवतात. रोज सकाळी सातला ते व्हरांड्यात उभे असत. मी त्यांच्यासमोर थांबत असे. ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ माझ्याकडे बघत, आणि मी सलाम करून आत जात असे.