हाताचा अंदाज

पेठ रोडला एका काकांची बटेरांची शेड आहे. दर ऋतूत मी तिथे पाखरांचं तापमान मोजायला जातो. पशुसंवर्धन खात्यातली नोकरीच तशी आहे. त्यांना माझ्या थर्मामीटरचं कौतुक नाही. ते पाखरू मुठीत घेतात, पंखाखाली बोट सरकवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "बरं हाय." उन्हाळ्यात ओली गोणपाटं जाळीवर टांगतात, थंडीत बल्ब लावतात. गारठलेल्या बोटांना पाखरू उगाच गरम लागतं, म्हणून हिवाळ्यात आधी बोटं काखेत धरून ऊब आणतात. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. याचा मला थोडा रागच येतो.

गेल्या जानेवारीत गेलो, तेव्हा ते घाईघाईने जादा बल्ब टांगत होते.

"आज लय गार लागतात, सर. मरतील."

पाखरं तर बल्बपासून लांब, भिंतीला चिकटून, चोची उघडून धापा टाकत होती. मी चार पाखरांना थर्मामीटर लावला. नेहमीपेक्षा गरमच भरली.

"तुमचं यंत्र बिघडलंय," ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. तव्यासारखा तापला होता.

"काका, ताप तुम्हाला आहे. म्हणून पाखरं गार लागतात."

ते बराच वेळ स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एकेक करून जादा बल्ब बंद केले, आणि त्यानंतरच खाली बसले.

"सर, संध्याकाळपर्यंत थांबता का?" त्यांनी विचारलं. "आज माझ्या हाताचा भरवसा नाय."