सुलटी खूण

सीए झालो आणि जालन्यात, मस्तगडला ऑफिस थाटलं, तेव्हा नियम मला जीव की प्राण होते. सीएच्या लोगोची अक्षरं निळी, खूण हिरवी, पार्श्वभूमी पांढरी, आणि तो लावायचा फक्त सीए संस्थेच्या सभासदानं. पाटी रंगवणाऱ्याला मी तीनदा परत पाठवलं.

पुढच्या महिन्यात पिंपळगाव रेणुकाईला घरी गेलो, तर दर्शनी भिंतीवर तोच लोगो, परातीएवढा. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या व्हिजिटिंग कार्डावरून स्वतः काढलेला. देवळाला लावून उरलेला भगवा ऑइल पेंट वापरला होता. आमच्या लोगोतली बरोबरची खूण मुळात उलटी असते. दादांनी ती सुलटी केली होती.

"उलटी चांगली दिसंना. साळंत तुझ्या पाटीवर गुर्जी कधी तशी देत व्हते का?" दादा खुशीत म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. गल्लीतले चार लोक उभे असताना मी नियम ऐकवला. वर म्हणालो, "दादा, पास मी झालो, तुम्ही न्हाई. हे लावायचा तुमाला हक न्हाई."

"मंग पुसतो की," एवढंच ते म्हणाले. जेवायच्या आधी चुना कालवून त्यांनीच भिंत पांढरी केली. मला वाटलं, विषय मिटला.

दोन वर्षांनी दादा गेले. फोटोतल्या दादांकडे मी बघू शकतो, त्या भिंतीकडे बघवत नाही. ऑइल पेंटवर चुना टिकत नाही. दर पावसाळ्यात पोपडे निघायचे आणि सगळ्यात आधी ती खूण वर यायची. दसऱ्याला मी झाकायचो, पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर. ऑफिसच्या पाटीकडे पाहिलं तरी मला ती भगवीच दिसायची.

गेल्या दसऱ्याला मी वैतागून भिंत खरवडली आणि पक्क्या रंगाचे दोन हात दिले. माय देवळातून आली, ओल्या भिंतीसमोर उभी राहिली.

"साळंत कधी गेले न्हाईत ते," ती म्हणाली. "जिंदगीत एकदाच कुणाला तरी बरोबर दिलं व्हतं. तुलाच."

यंदाचा पाऊस सरला. खूण वर आली नाही. मी घरी गेलो की चपला काढायच्या आधी भिंतीवरून हात फिरवून बघतो.