श्रीपतकाकांच्या कपाटाची किल्ली

भिवपुरीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यापासून श्रीपतकाका कशेळ्याचं वाचनालय सांभाळतात. त्यांच्या अभिजात पुस्तकांच्या कपाटातली एक कादंबरी माझ्या मुलीने, दर्शनाने, घरी आणली. त्यातला नायक बायकोला छळतो, आणि ते इतकं मोहक लिहिलंय की मी घाबरले. वाचनालयाच्या वार्षिक सभेत मी म्हणाले, "काका, ही त्या कपाटातून काढा."

"काढायची तर ही किल्लीपण घे, मग कपाट तूच बघ," काका म्हणाले. "पण आदी पोरीला इचार गं."

दर्शना उठली. "मला तो नायक आवडायला लागला होता. शेवटी बायको एकदाच बोलते, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. आता गोडबोल्या माणूस मला ओळखता येतो."

कादंबरी तिथेच ठेवायला सगळ्यांचे हात वर झाले, माझाही. काकांनी हसत किल्ली पुन्हा कमरेला खोचली.