शिफ्ट न दाबता लिहिलेलं नाव

मी आणि माझी बायको कौसा, आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर 'पाणी' हा शब्द लिहिला. लिहिला म्हणजे तिनं लिहिला, मी शेजारी बसून चुका काढल्या. पडद्यावर आलं 'पामी'. मी हसलो. ती म्हणली, "हसू नका. तुमाला अजून 'गाढव' लिवता येत न्हाई. आरशात बघून तरी लिवा." सगळा वर्ग हसला. तो गुरुवार होता. शनिवारी दुपारी ती गेली.

आधीच सांगतो — भूत, भानामती, अंगात येणं, हे मी कधी मानलं न्हाई. अंगात आलेल्या एका बाईला मी भर जत्रेत विचारलं होतं, "देवी हायस तर टँकर कावून येत न्हाई ते सांग." लोक मारायला उठले होते. मी चौथी शिकलेला माणूस हाय, लिहिण्यात चुका असतील त्या समजून घ्या. पण खोटं एक अक्षर न्हाई.

आमचं गाव घाटनांदूरच्या अंगाला. गावाचं नाव मुद्दाम देत न्हाई, कारण वाचनालयात पोरीबाळी अभ्यासाला येतात, त्या घाबरतील. वाचनालय म्हणजे दूध सोसायटीच्या इमारतीतली मागची खोली. त्या साली दुष्काळ लई कडक. जनावरं सगळी चारा छावणीला, म्हणून सोसायटीत दूधच न्हाई, कॅन पालथे पडलेले. इमारतीपुढं गावची पाण्याची टाकी. एक दिवसाआड टँकर यायचा. टाकी भरायच्या आधी बाया थेट टँकरलाच पाईप लावायच्या. बाजूला कडुलिंबाचं झाड, त्याच्या पारावर आमी म्हातारे.

साखर कारखान्यानं दोन जुने कॉम्प्युटर वाचनालयाला दिले. पीकविमा म्हणू नका, रेशन म्हणू नका, सगळंच ऑनलाईन झालेलं. म्हणून रेहाना मॅडमनं — त्या आमच्या ग्रंथपाल — मोठ्या माणसांसाठी फुकट वर्ग काढला. सोमवार आणि गुरुवार. बटनांवर मराठी अक्षरं चिकटवली. एका बटनावर दोन अक्षरं. नुसतं दाबलं की 'त', आणि दुसऱ्या हातानं शिफ्ट धरून दाबलं की 'थ'. तसंच 'म' आणि 'ण'. महिन्याभरात सगळ्यांना शिफ्ट जमलं. कौसाला न्हाई. ती म्हणायची, "एका अक्षराला दोन हात कशाला? भाकर थापायची हाय व्हय?" म्हणून पाणीचं पामी.

आता मुद्द्याची गोष्ट. माझं नाव सोमनाथ. कौसानं बेचाळीस वर्षांत ते एकदाबी तोंडातून काढलं न्हाई. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं सांगितलेलं. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तर पळून चुलीपाशी बसली होती. सोमवारला सोमवार म्हणायची न्हाई. "रविवारच्या पुढचा वार" म्हणायची. मॅडम तिला छेडायच्या.

"काकू, वर्ग कोणत्या वारी असतो?"

"गुरुवारी."

"आणि दुसरा?"

"त्याच्या आधीचा... तुमाला ठावं हाय की!"

एकदा मॅडमनं घरातल्या माणसांची नावं लिहायला लावली. हिनं सासू-सासरे, दीर, दोन्ही लेकी, जावई, सगळे लिहिले. माझ्या जागी एक रिकामी ओळ सोडली. मॅडम म्हणल्या, "लिहिण्यानं काय होतंय काकू? बोलायचं थोडंच आहे?" कौसा म्हणली, "मशीनबी तोंडच हाय की, मॅडम."

शनिवारी टँकर बाराच्या पुढं आला. ऊन असं की पाराचा दगड बसू देत न्हवता. आमी दहाबारा जण रांगेकडं पाठ करून बसलो होतो, सोसायटीच्या निवडणुकीवर बोलत. टँकरच्या पलीकडून एका बाईची हाक आली — "अवं!" थोड्या वेळानं परत — "अवं!"

आमच्याकडं सगळ्याच बाया नवऱ्याला 'अवं' म्हणतात. दहा जणांपैकी एकानंबी मान वळवली न्हाई. माझा दोस्त हणमंता म्हणला, "कुणाची तरी बायको बोंबलायलीय बे, बघा की."

मी म्हणलं, "माझी असती तर आतापर्यंत शिव्या दिल्या असत्या."

सगळे हसले. मीबी हसलो.

थोड्या वेळानं बायांचा गलका झाला. कौसा टँकरच्या मागच्या चाकाजवळ पडली होती. घागर भरून वाहत होती आणि बाया आधी पाईप उचलायचा का तिला, या घोळात होत्या. अंबाजोगाईला न्यायच्या आधीच संपलं. डॉक्टर म्हणले, ऊन लागलं.

ती हाक कौसाची होती का दुसऱ्या कुणाची, हे कुणालाच सांगता येईना. बायांना मी एकेकीला विचारलं. एक म्हणली, काकू काहीच बोलल्या न्हाईत. एक म्हणली, मी तर पाईपच्या भांडणात होते. मला एवढंच पाहिजे होतं, कुणीतरी छातीवर हात ठेवून सांगावं की ती हाक तिची न्हवती.

तेरावा झाला. त्यानंतरच्या सोमवारी रेहाना मॅडमचा फोन आला. "काका, जरा येऊन जाता का? एकटेच या."

गेलो. मॅडमनं दार लोटून घेतलं. कौसा बसायची तो कॉम्प्युटर चालू होता. म्हणल्या, "काकूंचं काम वेगळं जपून ठेवावं म्हणून बघत होते. त्यात ही एक फाईल आहे. मी केलेली नाही." त्यांनी ती उघडली. पांढरा पडदा आणि वर एकच शब्द.

सोमनात

'थ' न्हाई. शिफ्ट न दाबता.

मी म्हणलं, "गुरुवारी लिहिली असंल तिनं. मला चोरून."

मॅडमनं बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिथं वार आणि वेळ होती. शनिवार, बारा चाळीस.

"घड्याळ चुकलं असंल," मी म्हणलं.

त्यांनी स्वतःचा मोबाईल शेजारी धरला. मिनिटाचाबी फरक न्हवता. "काका, शनिवारी मी परळीला होते. चावी माझ्या पर्समध्ये. आणि लाईट सकाळपासून नव्हती, तुम्हालाही माहीत आहे."

माहीत होतं. लाईट न्हवती म्हणूनच तर आमी पारावर होतो.

मी घरी आलो. जेवलो न्हाई. गुरुवारी परत गेलो, म्हणलं आपल्याच डोळ्यांचा काहीतरी घोळ असंल. मॅडम दारातच उभ्या होत्या, आत जात न्हवत्या. चावी माझ्या हातात दिली. त्या कॉम्प्युटरवर त्यांनी चादर टाकली होती. ती काढली, चालू केला, फाईल उघडली. आता दोन ओळी.

सोमनात
सोमनात

वेळ तीच. शनिवार, बारा चाळीस. मॅडम खालच्या आवाजात म्हणल्या, "एक अक्षर वाढलं तरी वेळ बदलते, काका. बदलायलाच पाहिजे. या अल्लाह, मी हे सगळ्यांना शिकवते."

हे मी फक्त हणमंत्याला सांगितलं. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून जवळ सरकला.

"जित्तेपणी नाव घेतलं न्हाई, आता घ्यायलीय. कावून घ्यायलीय, कळंना का तुला? न्यायला आलीय बे."

"कौसा असं करणार न्हाई."

"कौसाच हाय कशावरून? आपल्या आज्यांनी काय सांगितलं? अशा हाकेला ओ द्यायची न्हाई. एक हाक, दोन हाका, गप बसायचं. ते तिसऱ्यांदा बोलवतच न्हाई. तिसरी हाक फक्त माणसाची असती. दोन झाल्या ना? मग पुसून टाक ते!"

मला पुसायचं न्हवतं. पण मॅडमला रोज तिथं बसायचं होतं, पोरी यायच्या होत्या. म्हणून हो म्हणलो. सोमवारी चारच्या सुमाराला आमी तिघं वाचनालयात. बाहेर ऊन, आत पंखा फिरत होता तरी हणमंत्याला दरदरून घाम. मॅडम म्हणल्या, "न उघडताच डिलीट करते." मी म्हणलं, "एकदा उघडा. शेवटचं."

तीन ओळी होत्या.

तिसरी ओळ पहिल्या दोन्हींसारखी न्हवती. सोमना, एवढंच. पुढचं अक्षर लिहायचं राहिलं होतं.

हणमंता मागं मागं सरकत गेला आणि निघून गेला, त्याची चप्पल दारातच राहिली. मॅडमचं बोट बटनावर तसंच होतं. मी त्यांचा हात बाजूला केला.

त्या दिवशी पारावर मी दोन हाका ऐकल्या होत्या. दोनच. मग मी चेष्टा केली, सगळे हसले, आणि त्या हसण्यात आणखी एक हाक आली असंल तर ती आमाला ऐकूच आली न्हाई. 'अवं' म्हणून कुणी वळत न्हाई हे कळल्यावर बाई काय करंल? बेचाळीस वर्षं दाबून धरलेलं नाव काढंल. अर्धं निघालं असंल. हा माझा अंदाज. दुसऱ्या कुणाचा वेगळा असंल.

ती फाईल अजून हाय. चौथी ओळ आली न्हाई. घाटनांदूरहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आणून दाखवला, तो म्हणला मशीन ठणठणीत हाय. बंद मशीनवर, बंद खोलीत, लाईट नसताना ते कुणी लिहिलं, हे मला आजबी सांगता येत न्हाई. मॅडमलाबी न्हाई. तुमच्यापैकी कुणी शिकलेला असंल आणि त्याला कळलं तर सांगा. हे मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर, एका बोटानं लिहायलोय, पंधरा दिवस झाले. तिच्यावाल्यावर मी बसत न्हाई. त्या फाईलीत एक अक्षरबी मी लिहिलेलं न्हाई. ओ द्यायची होती ती जागा तिथं न्हवती.

त्या सोमवारी रातभर पडून राहिलो, झोप न्हाई. दुसऱ्या दिवशी मंगळवार, टँकर सकाळी लवकर आला. मी पारावर जाऊन बसलो. बाकीचे नेहमीसारखे पाठ करून बसले होते, मी रांगेकडं तोंड केलं. हणमंता म्हणला, "बायांकडं बघत बसलास व्हय म्हाताऱ्या?"

टँकरच्या पलीकडून हाक आली. "अवं!"

कुणी हललं न्हाई. मी उठलो, मोठ्यानं "ओ!" म्हणलो आणि वळसा घालून पलीकडं गेलो. खालच्या आळीची एक नवी सून होती, दोन घागरी भरून उभी. मला बघून तिनं पदर सावरला आणि हसली.

"तुमाला न्हाई मामा. आमच्या ह्यांना."

"माहीत हाय," मी म्हणलं, "त्याला येऊ दे." आणि एक घागर माझ्या खांद्यावर घेतली.